दार मी बंद केलो

"म्हणजे सिद्ध झालं," असं म्हणून गार्गी दांडेकरने स्टुलावर उभ्या उभ्याच हाताला लागलेला खडू झटकला. "मुखवट्याच्या आत विहंग आहे. हरवलेला राजपुत्र, इराचा मामा. पुढच्या रविवारी मुखवटा उतरला की माझ्यासाठी पेढे घेऊन या."

वर्गात शिट्ट्या आणि टाळ्यांचा नुसता दंगा झाला. साठेक पोरंपोरी बाकांवर, खिडक्यांत, जमिनीवर बसली होती. गार्गी बोलायची तेव्हा नेहमी असंच व्हायचं. डोंबिवलीची पोर, जिभेवर साखर आणि सुरी दोन्ही ठेवून असायची.

पुण्यात कोथरूडला ॲनिमेशनच्या कोर्सला मी पहिल्या वर्षाला होते, तेव्हाची ही गोष्ट. दर रविवारी सकाळी अकराला 'धुकेगड' नावाची एक परदेशी मालिका टीव्हीवर मराठीत डब होऊन लागायची आणि आमचं अख्खं कॉलेज तिच्यापायी खुळं झालं होतं. इरा नावाची बारा वर्षांची मुलगी धुक्यातल्या किल्ल्याची नऊ दारं एकेक करून ओलांडते. किल्ल्यातला मोठा दिवा ज्या रात्री विझला त्याच रात्री तिची आई, म्हणजे राणी, मेली असं सगळे सांगतात. दिवा कुणी विझवला ते इराला शोधायचंय. नवव्या दारापाशी लोखंडी मुखवटा घातलेलं कुणीतरी उभं असतं. त्याला मालिकेत म्हणतात राखण. मुखवट्यातून येणारा आवाज इतका घोगरा आणि घुमणारा की हंड्यात तोंड घालून बोलल्यागत वाटावं. राखण कोण, यावर मालिकेच्या वेडापायी आम्ही काढलेल्या मंडळात आठ महिने डोकेफोड चालली होती आणि आता शेवटचा एकच भाग उरला होता.

मंडळाचा नियम साधा होता. ज्याला तर्क मांडायचा त्याने स्टुलावर चढायचं. खालून कुणीही शंका काढायची. उत्तर देता आलं नाही की मुकाट उतरायचं.

गार्गीला उतरावं लागलं नाही. तिचे मुद्दे फळ्यावर दोनच होते. एक, राखण बोलताना "मी आलो" म्हणतो, म्हणजे तो पुरुष. दोन, कर्कू नावाचा आगाऊ कावळा सगळ्यांना, अगदी राजालासुद्धा, "अरे" म्हणतो. पण राखणशी बोलताना "अहो" आणि "तुम्ही". म्हणजे राजाहून ज्याचा मान मोठा, असा खरा वारस तोच. ऐकायला अगदी चोख वाटत होतं.

"आणखी कुणी?" मंडळाचा म्होरक्या फिरोज मुलाणी म्हणाला. बारामतीचा, तिसऱ्या वर्षाचा, आवाज चढवून बोललेला कुणी कधी ऐकला नाही. "नसेल तर गार्गीचा तर्क मंडळाचा म्हणून भिंतीवर लावतो."

आठ महिन्यांत पहिल्यांदा माझा हात वर गेला.

"सारिका?" फिरोजला खरंच वाटेना.

"सारिकादादा बोलणार!" मागून कुणीतरी ओरडलं आणि वर्ग हसला.

या 'दादा'ची हकिकत सांगायलाच हवी. लिहिताना मी 'गेले', 'केलं' असंच लिहिते. शाळेत बाईंनी छडी मारून शिकवलंय. बोलताना मात्र 'गेलो' आणि 'केलो'. आमच्या कोल्हापूरकडं, मुरगूडला, सगळ्या बायका अशाच बोलतात. माझी आई, आज्जी, आत्ती, आणि छडी खाली ठेवली की शाळेतल्या त्या बाईसुद्धा. हॉस्टेलवर पहिल्या दिवशी ट्रंक घेऊन खोलीच्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, "मी आलो." आत गार्गी होती. तिने माझ्या खांद्यावरून मागं वाकून बघितलं आणि विचारलं, "कोण आला?" तिला वाटलं, ट्रंक उचलायला भाऊबिऊ आलाय. दोन मिनिटांनी उलगडा झाल्यावर ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून मी सारिकादादा.

गार्गी वाईट नव्हती. आजारी पडले तेव्हा तिनेच तीन दिवस मेसमधून माझ्यासाठी मऊ भात आणला. पण चेष्टेतला काटा टोचतो तो टोचतोच. मी तोंड मिटलं. बोलायच्या आधी प्रत्येक वाक्य मनात धुऊन, वाळत घालून, इस्त्री करून मग बाहेर काढायचं. तोवर बोलणाऱ्यांचा विषय बदललेला असायचा. 'आलो' पहिल्याच दिवशी तोंडून निसटलं होतं; 'केलो' मी कुणाला ऐकूच दिलं नाही.

आणि दिवाळीनंतर आई भेटायला आली तेव्हा तर मी कळसच केला. पहाटेच्या एसटीने ती आली. पिशवीत भडंग, खर्डा, काकवीची बाटली. हॉस्टेलच्या जिन्यात मी तिला थांबवलं.

"आई, वर पोरी हाईत. तू जरा बोलू नको."

"का गं?"

"हसत्यात."

आईने माझ्याकडं बघितलं. मग पदर सारखा केला आणि म्हणाली, "बरं."

माझी आई मळ्यातून हाक मारते तेव्हा वेदगंगेच्या पलीकडची म्हैस मान वर करते. ती बाई माझ्या खोलीत दोन तास गप्प बसली. कुणी काही विचारलं की नुसती हसायची, मान हलवायची. ती गेल्यावर गार्गी म्हणाली, "किती शांत आहे गं तुझी आई! तू अगदी तिच्यावर गेलीस." मी सगळ्यांपुढं भडंग ठेवलं. त्या दोन तासांची मला आजही लाज वाटते.

तर मी स्टुलावर चढले. स्टुलाचा एक पाय आखूड होता, त्यामुळे डुगडुगत होतं ते स्टूल की मी, हे कळायला मार्ग नव्हता.

"माझा तर्क," मी मनातल्या मनात इस्त्री केलेलं वाक्य काढलं, "राखण ही इराची आई आहे. राणी मेलेली नाही."

सगळा वर्ग हसला.

"बाई?" गार्गी पहिल्या बाकावरून म्हणाली. "'मी आलो' म्हणणारी बाई?" तिने वर्गाकडं वळून हात पसरले आणि सगळ्यांनी एकदम माझ्याकडं बघितलं. काय मजा आली त्यांना! माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"का? मी म्हणते की," मी म्हणाले.

"तू म्हणतेस, मान्य. एकवेळ तेही सोडू. पण नुसत्या 'आलो'वरून बाई कशी ठरते?"

"'आलो'वरून नाही." मी भिंतीकडं बोट केलं. "त्याच्यावरून."

भिंतीवर गार्गीच्याच सुरेख अक्षरातला एक तक्ता होता. मथळा होता 'डबिंगच्या डुलक्या'. मराठीत डब करताना झालेल्या चुका तिने आठ महिने जमवल्या होत्या. त्यातल्या दोन वाक्यांखाली तिने तांबड्या पेनाने तीन-तीन रेघा मारल्या होत्या. दोन्ही राखणच्या तोंडची. 'दार मी बंद केलो.' आणि 'दिवा मी विझवलो नाही.'

"ही चूक नाही," मी म्हणाले.

"'दार मी बंद केलो'? अगं, हे मराठीच नाहीये! पुरुष असला तरी 'दार मी बंद केलं' म्हणेल. कुणीतरी घाईत लिहिलंय आणि वाचणाऱ्याने तसंच वाचलंय. असं बोलणारी एक बाई दाखव मला. एक!" गार्गी उठून उभी राहिली. तिला आता चेव आला होता. "चल, पैज. तू चुकलीस तर यापुढे शुद्ध बोलायचं. खोलीत, मेसमध्ये, फोनवर. घरी बोलतानासुद्धा."

"घरीसुद्धा?"

"आईशीसुद्धा. नाहीतर पैज कसली?"

वर्ग "हो, हो" करून ओरडला. त्यांना तो खेळ होता. मला मात्र नव्हता. आईशी 'मी जेवण केलं गं' असं बोलायचं? मग फोनवर आहे ती तिची पोरगी की बँकेतली बाई, हे तिला कसं कळणार? आणि जिन्यात तिला एकदा गप्प बसवलंच होतं मी. आता हे म्हणजे जन्मभराचं गप्प बसवणं.

"आणि तू हरलीस तर?" फिरोजने गार्गीला विचारलं.

"ती म्हणेल ते."

"मान्य," मी म्हणाले. आवाज आपोआप मोठा निघाला. मग मी खिशातून माझा छोटा फोन काढला आणि आईला लावला.

स्पीकर चालू केला तशी फिरोजने वर्गातला माईक आणून फोनच्या तोंडाशी धरला. चार वेळा वाजल्यावर आईने उचलला.

"हां सारे, बोल. आत्ताच वड्यावरनं धुणं घेऊन आलो बघ."

पहिल्याच वाक्याला वर्ग फुटला. आईच्या आवाजाने माईक किणकिणत होता.

"जेवलीस काय?" मी विचारलं.

"कवाच! भाकरी केलो, कोरड्यास केलो, तुझ्या बास्नी डबा धाडलो, मग खाल्लो. आता जरा..." ती थांबली. "कोण हसालंय गं?"

"आई, मी कॉलेजात हाय. हितं साठ पोरं हाईत. तुझं बोलणं ऐकालीत."

मळ्यातून हाक मारणारी ती बाई आता हळू आवाजात बोलली, पण माईक होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

"मग? बोलू नको म्हणतीस काय?"

हसणारे गप्प झाले. गार्गीने माझ्याकडं बघितलं. ती हुशार होती; दिवाळीनंतर आलेल्या त्या शांत बाईचं कोडं तिला त्या क्षणी उलगडलं असणार. मला रडू येत होतं, पण स्टुलावर उभं राहून रडायची माझी तयारी नव्हती.

"न्हाई," मी म्हणाले. "बोल. मोठ्यानं बोल. काल दिसभर काय काय केलीस त्ये सांग ह्यास्नी."

"आता गं! त्यात काय सांगायचं?" आई म्हणाली, पण तिला सांगायला आवडतं हे मला माहीत होतं. आवाज पुन्हा चढला. "पाटंचं उठलो. म्हशीची धार काढलो. पाणी तापवलो. रानात गेलो, शेंगा तोडलो. वाटंत तुझी आत्ती गाठ पडली, तिला म्हटलो, पोरगी पुण्याला चित्रं हलवायला शिकालीया. ती म्हणाली, चित्रं हलवून काय हुतंय? मी म्हटलो, तुझ्या दाल्ल्यापक्षी तर हलत्यात!"

दाल्ला म्हणजे नवरा, हे कुणाला सांगावं लागलं नाही; आता मात्र वर्ग हसला तो माझ्या आईवर नव्हे, आईबरोबर. फिरोज फळ्यावर रेघा ओढत होता; प्रत्येक 'काढलो', 'तापवलो', 'तोडलो'ला एक. खिडकीतली पोरं खाली उतरून पुढं आली होती. मी आईला "ठेवतो आता, सांजचं लावतो" म्हणून फोन बंद केला, आणि मग माझ्या लक्षात आलं की 'ठेवतो' म्हटलं तेव्हा कुणी हसलं नाही.

"दाखवली बाई," मी गार्गीला म्हणाले.

"दाखवलीस," ती म्हणाली. सहजासहजी हरणारी नव्हती. "पण तुझे बाबा कसे बोलतात?"

"तसंच. आमच्याकडं बाप्ये आणि बायका दोघंबी तसंच."

"मग झालं तर! राखण कोल्हापूरकडचा पुरुष असेल. बाईच हे कशावरून?"

याच प्रश्नाची मी वाट बघत होते. सहा आठवडे हाच प्रश्न मी स्वतःला विचारत होते. आता मी वाक्यांना इस्त्री करायची सोडून दिली.

"ऐक. मराठीत डब करणाऱ्या बाईला, नाहीतर बाप्याला, राखण कोण हाय ते ठाऊक असणार. मूळ भाषेत 'मी आलो' आणि 'मी आले' एकच. तिकडं लपवायला काय लागत न्हाई. मराठीत तोंड उघडलं की बाई का पुरुष ते कळतंय. बरोबर?"

"बरोबर."

"राखण पुरुष असता तर काय अडचण होती? 'मी आलो, दार बंद केलं' म्हणून मोकळा झाला असता. सगळ्यास्नी वाटतंय पुरुष, आणि हाय बी पुरुष. मग 'केलो' कशाला लिहिलं? अख्ख्या किल्ल्यात दुसरं कोण असं बोलत न्हाई. न राजा, न इरा, न तो कावळा. एकट्या राखणच्या तोंडात आमची भाषा का घातली?"

फिरोजने खडू खाली ठेवला.

"कारण खोटं बोलायचं न्हवतं. 'आले' लिहिलं तर गुपित फुटतंय. नुसतं 'आलो' लिहिलं तर बघणाऱ्याला फसवल्यागत हुतंय. म्हणून अशी बोली घेतली की बाई बी 'आलो' म्हणती. आणि 'केलो' मुद्दाम ठेवलं. ज्याला कान हाईत त्यानं वळकावं म्हणून."

"बापरे," फिरोज पुटपुटला.

"आणि कावळा," मी म्हणाले. आता स्टूल डुगडुगायचं थांबलं होतं. "कर्कूला राखण कोण ते ठाऊक हाय. तो सगळ्यास्नी अरेतुरे करतो. राखणला 'तू आलास' म्हटलं तर खोटं. 'तू आलीस' म्हटलं तर गुपित फुटलं. 'तुम्ही आलात' म्हटलं तर? बाई का पुरुष, कळतंय काय? त्यो मान देत न्हाई गार्गी. त्यो लपवालाय."

गार्गी फळ्यावरच्या आपल्या दोन मुद्द्यांकडं बघत राहिली. तिच्या दोन्ही खांबांवर माझं घर उभं राहिलं होतं.

"आणि आपण सगळे राखणदारच धरून चाललोय," मी शेवटचं सांगितलं. "मालिकेत एकदाबी कुणी राखणदार म्हटलेलं न्हाई. राखण म्हणत्यात, आणि राखण म्हटलं की ती राखण. ज्यास्नी गुपित ठाऊक न्हाई तेवढेच 'तो' म्हणत्यात."

मी खाली उतरले. टाळ्या लगेच आल्या नाहीत. आधी कुजबुज झाली, मग मागच्या बाकावरून एकाने सुरुवात केली. गार्गीने टाळी वाजवली नाही. "तर्क सुरेख आहे," ती म्हणाली. "पण तर्कच आहे. मुखवटा रविवारी उतरेल."

खरंच होतं ते. मी नुसतं बोलून जिंकले नव्हते. डबिंगवाल्यांनी खरोखरच घाईत डुलकी काढली असेल, तर रविवारी दुपारपासून मला आईशी परक्यासारखं बोलायचं होतं. पैज मोडणारी मी नव्हते.

संध्याकाळी मी आईला फोन केला. "पुढच्या आयतवारी ये," म्हणाले.

"परत? आत्ताच तर आलोतो दिवाळीला."

"तवा आली नव्हतीस तू. तवा मी तुला येऊ दिलो न्हाई. आता ये. आणि बोलायला ये."

ती "बरं," म्हणाली. जिन्यातलं 'बरं' आणि हे 'बरं' यांत किती अंतर होतं ते मलाच ठाऊक.

त्या आठवड्यात गार्गी माझ्याशी नीट बोलत होती, थोडी जास्तच नीट. मला झोप लागत नव्हती. चित्रं काढताना दारं आणि मुखवटेच निघत होते. बुधवारी परदेशातल्या चाहत्यांची मतं वाचून गार्गीने सांगितलं की तिकडं शंभरातले नव्वद विहंगच्या बाजूने आहेत. "त्यास्नी मराठी येत न्हाई," मी म्हणाले खरं, पण राखणची ती दोन्ही वाक्यं रात्रभर मनात म्हणत राहिले.

रविवारी आई साडेनऊला पोचली. हिरवं नेसू, दोन पिशव्या, एकीत साठ माणसांना पुरतील इतके शेंगदाण्याचे लाडू. हॉलमध्ये पडद्यावर मालिका दाखवायची सोय केली होती. मी आईला पहिल्या रांगेत बसवलं. बरोबर मागं गार्गी आणि फिरोज. आईने वळून गार्गीला विचारलं, "तूच न्हवं का माझ्या पोरीला मऊ भात दिल्याली? बरं केलीस बाई." गार्गी गडबडून गेली. तिला आईकडून याची अपेक्षा नव्हती.

तर्काचं, पैजेचं मी आईला काहीही सांगितलं नव्हतं. मालिकेचा एकही भाग तिने पाहिलेला नव्हता. अकराला अंधार झाला, पडद्यावर धुकं पसरलं आणि आईच्या शंका सुरू झाल्या. त्याही मळ्यातल्या आवाजात.

"ही पोरगी कोण?"

"इरा. ती दिवा शोधालीया."

"एकटीच? आन् ह्यो कावळा बोलतोय व्हय! लईच आगाऊ हाय."

मागून कुणीतरी "श्श" केलं. मी वळून त्याच्याकडं असं बघितलं की पुन्हा त्याने तोंड उघडलं नाही.

वीस मिनिटं गेली. आठवं दार झालं. मग नववं दार. धुक्यातून लोखंडी मुखवटा पुढं आला. सगळा हॉल पुढं झुकला. इरा काठी उगारून उभी राहिली. केस विस्कटलेले, गालाची हाडं वर आलेली. राखण तिच्याकडं बघत राहिली. किती वेळ कुणास ठाऊक. मग तो घुमणारा, घोगरा आवाज आला. एकच शब्द.

"वाळलीस."

हॉलमध्ये कुणालाच काही कळलं नाही. नऊ दारं ओलांडून आलेल्या मुलीला पहारेकरी असं का म्हणेल? गार्गी मागं पुटपुटली, "हे काय? इथे काहीतरी मोठं वाक्य पाहिजे होतं."

आणि माझी आई, त्या काळोखात, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई हाय गं ती हिची!"

मी मागं वळून गार्गीकडं बघितलं.

"काकू," फिरोज मागून हळूच म्हणाला, "तुम्हाला कसं कळलं?"

"आता त्यात काय कळायचं?" आई म्हणाली. "लेकराला लई दिसांनी बघून पैलं त्येच कोण म्हणतंय? राजा म्हणंल व्हय?"

पडद्यावर इराची काठी अजून उगारलेलीच होती. "कोण आहेस तू?" ती ओरडली. राखणने दोन्ही हात वर नेले. कड्या सुटल्याचा आवाज झाला. "दिवा मी विझवलो नाही," तो आवाज म्हणाला, आणि बोलता बोलता मुखवटा उतरत गेला तसा तो घोगरेपणाही उतरत गेला, "दिवा मी लपवलो. तुझ्यासाठी." शेवटचे दोन शब्द बाईचे होते. स्वच्छ, भरल्या गळ्याचे. धुक्यात पांढऱ्या केसांची राणी उभी होती.

पुढचं मला दिसलं नाही. कारण साठ माणसं एकदम उठून आमच्याभोवती आली होती आणि पडदा त्यांच्यामागं गेला होता. कुणी बाकं बडवत होतं, कुणी माझं नाव घेऊन ओरडत होतं. 'सारिकादादा' नव्हे, 'सारिका'. मग कुणीतरी 'सारिकादादा' असंही ओरडलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. फिरोज धावत वर्गात गेला, 'डबिंगच्या डुलक्या'चा तक्ता भिंतीवरून काढून आणला आणि माझ्या हातात दिला. मी हसत होते आणि रडतही होते, आणि दोन्हीची मला अजिबात लाज वाटत नव्हती. आईला वाटलं, पोरीचा कुठल्या परीक्षेत नंबर आलाय. तिने पिशवी उघडून लाडू वाटायला सुरुवात केली.

गोंधळ जरा ओसरल्यावर गार्गी आमच्यासमोर आली. तिचा चेहरा लाल झाला होता. मी अजून काहीच मागितलं नव्हतं. काय मागायचं ते मी ठरवलंही नव्हतं. तिने एक स्टूल ओढून घेतलं, त्यावर चढली आणि हॉल शांत होईपर्यंत थांबली. जिभेवर इतकी सत्ता असलेली ती पोर, पण तेवढ्या दोन शब्दांसाठी तिला दोनदा सुरुवात करावी लागली.

"मी हरलो," गार्गी म्हणाली.

सगळे माझ्याकडं बघत होते, मी गार्गीकडं. फक्त एकाच माणसाला त्या वाक्यात काहीच वेगळं ऐकू आलं नाही. तिने पिशवीतला लाडू काढून स्टुलावरच्या त्या पोरीपुढं धरला.

"हरलीस तर हरलीस," आई म्हणाली. "त्यात काय हुतंय? खाली उतर, आणि खा आधी."